काकांच्या नावावर चार लाख फायली

१

बुधवारी सकाळी सव्वाअकराला बारकीच्या खोलीतला फलक लाल झाला आणि सत्तरीला टेकलेल्या काकांवर अडवणुकीचा आळ आला.

बारकी नावापुरतीच बारकी होती. चौतिशी गाठली, चष्म्याचा नंबर वाढला, तरी घरातलं शेंडेफळ म्हणून हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. घरचाच कार्टूनपट बनवणारा स्टुडिओ. वडिलांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे काकांनी, तो उभा केला. वडील गेल्यावर थोरल्या दादाने सूत्रं हातात घेतली, वहिनीने वेळापत्रक, आणि बारकीच्या वाट्याला आलं कोठार.

कोठार म्हणजे आठ सर्व्हर एकत्र बांधून केलेला फायलींचा साठा. स्टुडिओतल्या प्रत्येक यंत्राला तो आपलाच वाटतो. कुठली फाइल कुणाकडे आहे, याचा हिशोब ठेवायला एक वेगळा नोंद-सर्व्हर. एखाद्या यंत्राने फाइल मागितली की नोंद-सर्व्हर तिच्या नावाची चिठ्ठी देतो, आणि ती चिठ्ठी आपल्याही डोक्यात ठेवतो. या डोक्यालाच कॅश म्हणतात. डोकं भरायला लागलं की तो सगळ्यांना विनवतो, बाबांनो, नको असलेल्या चिठ्ठ्या परत करा. शहाणी यंत्रं करतात. एखादं ढिम्म बसलं की बारकीचा फलक लाल होतो.

आज फलकावर लिहिलं होतं : "ध्वनी-१ चिठ्ठ्या सोडत नाही. धरलेल्या फायली ४,१२,०००."

ध्वनी-१ म्हणजे काकांचं यंत्र.

"आज पुन्हा!" दादा दारातूनच गरजला. "गुरुवारी, शुक्रवारी, सोमवारी आणि आज. अस्वलाची फिल्म परवा दुपारी द्यायची आहे आणि शेवटची चित्रं तयार करणारी वीसच्या वीस यंत्रं मुंगीच्या पावलांनी चालताहेत. काका एकटे सगळ्या स्टुडिओला वेठीला धरून बसलेत."

"काका नाही, दादा. काकांचं यंत्र."

"तेच ते. परवा फिल्म घ्यायला पाहुणे येणार, त्यांच्यासाठी मी दर्शनी खोली आरशासारखी चमकवली, एकट्याने, कुणाला हाक न मारता. आणि इथे आत हा गोंधळ! हे बघ, पाच वाजेपर्यंत थांबतो. तोवर हा लाल रंग गेला नाही, तर काकांचं यंत्र कोठारातून कायमचं हाकलायचं. सोमवारपासून त्यांची खोली रिकामी, तिथे नवी यंत्रं बसतील. काकांनी घरी आराम करावा. मी त्यांना सांगून आलोय."

काकांना घरी बसवायचं म्हणजे माशाला फळीवर ठेवून त्याला विश्रांती देण्यासारखं होतं.

"सांगून आलास? मग ते काय म्हणाले?"

"हसले," दादा म्हणाला आणि घाईघाईने निघून गेला.

२

काकांची खोली गादीसारख्या भिंतींची. आत शिरलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. फरशीवर खडीचा एक वाफा, वाळूचा एक, आणि भिंतीभर जुने बूट. पडद्यावर जे कुणी चालेल त्याच्या पावलांचा आवाज काढायला इथे काका चालतात.

"ये, बारके," काका म्हणाले. "गुन्हेगाराला भेटायला आलीस?"

"काका, चेष्टा नको. तुमच्याकडे किती फायली उघड्या आहेत?"

काकांनी बोटं मोजली. "अस्वलाची पावलं, दार, पाऊस, किटली. बेचाळीस. काल त्रेचाळीस होत्या, शिंक टाकून दिली."

त्यांचं म्हणणं खरं असणार, याविषयी बारकीला शंका नव्हती. काकांच्या यंत्राइतकं स्वच्छ यंत्र अख्ख्या स्टुडिओत नव्हतं. ते त्यात नको ते काही घालत नसत, आलेलं काही विसरून ठेवत नसत. म्हणून तर या स्टुडिओची रीतच पडली होती : नवीन यंत्र आलं की काकांच्या डिस्कची हुबेहूब नक्कल त्यात उतरवायची. ती नकलेची डिस्क बारकीच्या कपाटात, वरच्या खणात. नक्कल उतरली की बारकी त्या यंत्राला नवं नाव द्यायची, वर चिकटपट्टी लावायची, झालं.

"मी याला घटकाभर बंद करू?" तिने विचारलं.

"बंद कर, उघड, उलटं टांग. मला तेवढ्यात खडी चाळायची आहे."

बारकीने यंत्र बंद केलं. नुसतं बंद नाही, भिंतीतून वायर काढून हातात घेतली. मग पळत आपल्या खोलीत आली. नोंद-सर्व्हर न बोलणाऱ्या यंत्राची पाच मिनिटं वाट बघतो आणि मग त्याच्या चिठ्ठ्या फाडून टाकतो. तिने दहा मिनिटं वाट पाहिली. वायर अजून तिच्या मुठीतच होती.

फलक लालच राहिला. "ध्वनी-१. धरलेल्या फायली ४,१२,०००."

तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काकांच्या यंत्रात वीजच नव्हती, आणि तरीही ते चार लाख बारा हजार फायली उराशी धरून बसलं होतं.

३

आधी तिने आपलंच काही चुकलं का ते पाहिलं, कारण या धंद्यात दहापैकी सहा वेळा तेच निघतं. मग नोंद-सर्व्हरला विचारलं की त्या चिठ्ठ्या आहेत तरी कशाच्या.

यादी सरकू लागली आणि बारकी खुर्चीत पुढे सरकली. यादीत आवाजाची एकही फाइल नव्हती. सगळी चित्रं. अस्वलाची, त्याआधीच्या फिल्ममधल्या शहामृगाची, नऊ वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेल्या पाणघोड्याची सुद्धा. त्या पाणघोड्याकडे वळून बघणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. आणि काकांना चित्रांशी काय देणंघेणं?

चित्रं म्हटल्यावर बोट एकीकडेच जातं. ती रंगवालीच्या खोलीत गेली.

रंगवाली म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला शेवटचा रंग देणारी बाई. कामात वाघीण, पण तिच्या पडद्यावर एकावर एक इतक्या खिडक्या उघड्या की खालचं काही दिसायचं नाही.

"माझ्यावर संशय?" रंगवाली हसत सुटली. "घे बाई, झडती घे. मी काही बंद करत नाही हे मात्र खरं. बंद केलं की सापडत नाही."

"काल तू होतीस?"

"काल? दाढ काढायला गेले होते. का गं?"

बारकीचे कान टवकारले. गुरुवार, शुक्रवार, सोमवार, बुधवार. मधला कालचा मंगळवार कोरा! त्या दिवशी फलक दिवसभर हिरवागार होता, आणि त्याच दिवशी रंगवाली रजेवर.

"तुझं यंत्र बंद करते," ती म्हणाली.

"कर. पण माझ्या खिडक्या गेल्या तर तुझ्या घरी येऊन राहीन."

खिडक्या जपून ठेवून यंत्र बंद झालं. दोघी जणी फलकासमोर उभ्या राहिल्या. धरलेल्या फायली ४,१२,०००. एका हजारानेही कमी नाही.

"सुटले!" रंगवालीने टाळी दिली. "आता दुसरा बकरा शोध."

जाता जाता ती फलकाकडे निरखून बघत थांबली. "बारके, एक विचारू? बँकेत माझ्या नावाच्या चार जणी आहेत, म्हणून ते नाव विचारून थांबत नाहीत, खात्याचा आकडा विचारतात. तुझ्या या यंत्रांना आकडा नसतो का?"

बारकी झटकन फलकाकडे वळली.

आकडा असतो. कोठाराला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला नोंद-सर्व्हर स्वतःचा क्रमांक देतो. पण ते क्रमांक लांबलचक आणि फलकावर ओंगळ दिसायचे, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनेच ते कापून टाकले होते. फलक फक्त नाव दाखवायचा, आणि एका नावाचा सगळा पसारा एका ओळीत एकत्र करायचा, आकडा मोठा असला तर हजारांत गोल करून. सुटसुटीत दिसतं म्हणून तेव्हा तिने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

तिने मूळ यादी काढली. काकांना वायर नेऊन दिली, यंत्र पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि यादीसमोर येऊन बसली.

यादीत ध्वनी-१ दोनदा होतं. एका ओळीत बेचाळीस फायली, दुसरीत चार लाख बारा हजार.

काकांच्या यंत्राला जुळा भाऊ होता. आणि तो याच इमारतीत कुठेतरी बसून पाणघोडा बघत होता.

४

बारकीने कपाटाचा वरचा खण उघडला. नकलेची डिस्क होती, पण उलटी ठेवलेली. कुणीतरी ती नेली होती, नवं यंत्र उभं केलं होतं, आणि नाव बदलायचं त्याच्या गावीही नव्हतं.

कुणी, ते कळत नव्हतं. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि यंत्रं सांगून थोडीच सापडतात? पस्तीस खोल्या, टेबलांखाली, माळ्यावर, कुठेही असेल. बारकीने शोधाशोध केली नाही. ती चहाचा पेला घेऊन खिडकीत बसली आणि त्या दुसऱ्या ओळीचा गेल्या आठवड्याचा इतिहास वाचू लागली.

सकाळी अकराच्या सुमाराला उगवायची. पंधरा मिनिटांत सगळी चित्रं गोळा करायची. मग शांतपणे, बरोब्बर आठ सेकंदांनी एका चित्रावर नजर टाकायची. आठ, आठ, आठ. माणूस असता तर कधी पाच झाले असते, कधी तो जांभई द्यायला थांबला असता. आणि दुपारी एकला एकदम गायब! दोन वाजता पुन्हा हजर.

"वहिनी!" बारकीने हाक मारली. "दुपारी एकला तुम्ही काय करता?"

वहिनी वेळापत्रकातून मान वर न काढता म्हणाली, "दुसरं काय करणार? तुम्ही सगळे जेवायला पळता आणि दिवे, पंखे तसेच. मी फेरी मारते आणि रिकाम्या खोल्यांची बटणं बंद करते. तुमच्या कामाच्या यंत्रांना हात लावत नाही हो. एकदा लावला होता तर तू तीन दिवस बोलली नव्हतीस."

"मग कुठली बटणं बंद करता?"

वहिनीने सांगितलं. बारकीने पेला खाली ठेवला आणि वहिनीचा गालगुच्चा घेतला, जो त्या घरात आजवर कुणी घेतला नव्हता.

"हे काय गं?"

"नंतर सांगते. पावणेपाचला सगळ्यांना दर्शनी खोलीत बोलवा. दादाला म्हणावं, घड्याळ घेऊन ये."

५

दर्शनी खोली खरंच चमकत होती. नवा गालिचा, नवे कोच, आणि भिंतीवर दाराएवढा पडदा. त्यावर शहामृग मान वेळावत होता. रंगवाली कोचावर ऐसपैस बसली, वहिनी दाराशी. दादा घड्याळाकडे बघत उभा. काका तेवढे आले नव्हते.

"पंधरा मिनिटं आहेत," दादा म्हणाला. "यंत्र हाकललंस का?"

"हाकलते. पण कुठलं, ते आधी ठरवू या." बारकीला मजा येत होती, खोटं कशाला बोला. "ध्वनी-१ नावाची दोन यंत्रं आहेत. एक काकांचं. दुसरं त्याची नक्कल. नाव बदलायचं राहिलं, आणि माझ्या शहाण्या फलकाने दोघांचं पाप एकाच्या माथी मारलं. ती चूक माझी. आता दुसरं कुठे आहे? त्याला फक्त चित्रं लागतात, नव्या-जुन्या सगळ्या फिल्मची. म्हणजे ते काम करत नाही, दाखवतं. ते दर आठ सेकंदांनी चित्र बदलतं."

पडद्यावरचा शहामृग गेला आणि पाणघोडा आला. रंगवालीने तोंडावर हात ठेवला.

"दुपारी एकला ते मरतं. वहिनी एकला ज्या बटणांना हात लावतात त्यात यंत्राचं बटण एकच आहे, या खोलीतलं. इतर यंत्रांना त्या शिवत नाहीत. दोनला कुणीतरी येऊन ते पुन्हा लावतं. आणि काल ते कुणी लावलंच नाही. काल दोघं बाहेर होते. एक रंगवाली, दाढ काढायला. दुसरा..."

"मी," वहिनीच्या आधी दादाच म्हणाला. "मी पाहुण्यांकडे गेलो होतो." त्याचा चेहरा पडद्याच्या उजेडात आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "पण मी तर फक्त... बारके, डिस्क तुझ्या खणातून घेतली, नक्कल उतरवली, चित्रं फिरवणारा प्रोग्रॅम टाकला. सुरू झाला, छान दिसला. तुला कामात त्रास नको म्हणून सांगितलं नाही."

"तो प्रोग्रॅम सगळ्या चित्रांच्या चिठ्ठ्या घेतो आणि एकही परत करत नाही, दादा. नोंद-सर्व्हर चार लाख वेळा विनवतो आणि हा आपला शहामृग बघत बसतो. वहिनी, माझ्या खोलीत जाऊन आकडा वाचता का?"

बारकी गुडघ्यावर बसली, पडद्यामागचं पुस्तकाएवढं यंत्र शोधलं आणि वायर ओढली. पाणघोडा विझला. नोंद-सर्व्हरची पाच मिनिटं सुरू झाली. दादा कोचाच्या हातावरचा नसलेला धूळकण पुसत राहिला.

मग आतून वहिनीचा आवाज आला, स्टुडिओभर घुमणारा : "बेचाळीस! हिरवा झाला! बारके, सगळी यंत्रं पळायला लागली!"

रंगवालीने शिट्टी वाजवली. दादाने घड्याळ खिशात टाकलं. पाचला एक मिनिट कमी होतं.

६

बारकी आनंदाची बातमी घेऊन काकांच्या खोलीकडे धावली आणि दारातच थबकली.

भिंतीभरचे बूट भिंतीवर नव्हते. अकरा खोकी ओळीने बांधून ठेवली होती, प्रत्येकावर काकांच्या सुवाच्य अक्षरात : "म्हातारे", "सैनिक", "लहान मुली", "चोर". दिवसभर इतरांनी संशयित शोधले, आणि काकांनी एकट्याने आपलं अख्खं आयुष्य खोक्यांत भरलं होतं. सकाळी ते स्वतःला "गुन्हेगार" म्हणून चेष्टा करत होते ना? आता तिला रडू आलं.

"काका, तुम्ही नव्हता! दादाचा पडदा होता! सगळं सुटलं!"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या कानांवर हेडफोन होते आणि माईक दाराकडे वळवलेला. त्यांनी दुसरे हेडफोन तिच्या कानांवर चढवले.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी येत होतं. जड, सावकाश पावलं. दारापाशी येऊन थांबली. मग वळली, चार पावलं मागे गेली. थांबली. एक खोल निःश्वास. पुन्हा दाराकडे आली. पुन्हा मागे. बूट फरशीवर एकदा घासला. तिसऱ्यांदा आली, आणि दार उघडलं.

दादा उभा होता. त्याने ओळीतली खोकी एकेक करून पाहिली.

काकांनी बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं. "आठवडाभर मला हेच जमत नव्हतं," ते म्हणाले. "शेवटी अस्वल भांडून गेलेलं घरी परत येतं ना, दारापर्यंत येतं आणि आत शिरायचा धीर होत नाही. मी चाललो की ते अस्वल वाटायचं, पण शरमलेलं वाटायचं नाही. काय करणार, मला सवय नाही. आज आयतं मिळालं. हे फिल्ममध्ये घालतो."

"काका," दादा पुटपुटला, "चुकलं माझं. नीट न बघता तुम्हाला..."

काकांनी बटण पुन्हा दाबलं. "जरा पुढे ये. दाराजवळून आवाज नीट येत नाही."

दादा माईकपुढे येऊन उभा राहिला, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा. "चुकलं माझं, काका. मला तुम्ही इथे हवे आहात. ही खोली तुमचीच."

काकांनी पडद्यावरची आवाजाची रेघ पाहिली, मान हलवली आणि हेडफोन काढले. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

दादाने कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि "म्हातारे" लिहिलेल्या खोक्याची दोरी सोडायला बसला.

"हे कुठल्या फळीवर होते?"

"सगळ्यात वरच्या," काका म्हणाले. "आणि जोड्या मोडू नकोस."